नाक्यावरच्या तांड्याला भरतकाम देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, रबाळे या पट्ट्यातल्या वस्त्यांत बंजारा कुटुंबं राहतात. निम्मी सोलापूर, यवतमाळ, वाशीमकडची, निम्मी विजयपूर आणि कलबुर्गीकडची. बाया सकाळी मजूर नाक्यावर उभ्या राहतात. भरतकाम त्यांच्या हातात आहे. त्यांचा बचत गट करून कायमचा रोजगारही मिळवून द्यायचा आहे आणि संस्कृतीही जपायची आहे, तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात भरतकामापासून करू नका. भरतकाम करावं, नेटानं करावं, त्याचं सविस्तर पुढे येईलच. पण या बायांचं पोट नाक्यावर आहे, आणि नाका चालतो तो तांड्याच्या जोरावर. हे दोन्ही समजून न घेता सुई-दोरा वाटला की तीन-चार महिन्यांत गट मोडतो आणि वर 'या बायकांना चिकाटीच नाही' असं त्यांनाच ऐकवलं जातं.

नाक्याचं गणित असं. सकाळी सातपासून माणसं जमतात, दहापर्यंत गिऱ्हाईक येतं, त्यानंतर उरलेले घरी परततात. ठेकेदार सहसा एकटं माणूस उचलत नाही. गवंडी, हाताखाली एक बिगारी आणि माल वाहायला एक बाई अशी जुळणी तो मागतो. राबिट, म्हणजे तोडकामाचा मलबा, उपसायचं असेल तर नवरा-बायकोची जोडी मागतो, आणि स्लॅब भरायचा असेल तर उक्त्यावर पंधरा-वीस जणांची टोळी. ही जुळणी सकाळी सात वाजता अनोळखी माणसांतून होत नाही. ती घरातून, भावकीतून, गावाकडच्या एकाच तांड्यातून होते. मुकादम त्याच तांड्याचा असतो. कित्येकदा उचल गावातच दिलेली असते आणि माणसं ती फेडायला इथे येतात. नव्यानं आलेल्या कुटुंबाला खोली, किराणा दुकानातली उधारी, पहिल्या दिवशी कुठल्या नाक्यावर उभं राहायचं हे सगळं 'अमक्या तांड्याचा' एवढ्या ओळखीवर मिळतं. मजुरीवरून भांडण झालं तर पोलीस ठाण्याआधी नाईक-कारभाऱ्यांकडे जातं. म्हणजे तुम्ही जिला संस्कृती म्हणता ती इथे आधीच रोज कामाला जाते. ती संग्रहालयात ठेवायची वस्तू समजून योजना आखली की योजना चुकते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही बघा. उचलीच्या हिशोबात मजूर कायम मागे राहतो. जोडीची मजुरी नवऱ्याच्या हातात पडते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिला जोडी नाही, म्हणजे विधवा, टाकलेली, किंवा जिचा नवरा आजारी आहे अशी बाई, ती नाक्यावर शेवटपर्यंत उभी राहते आणि रिकाम्या हाताने परत येते. तुमच्या गटात पहिल्या पाच जणी याच हव्यात. वस्तीतल्या पुढाऱ्याच्या घरच्या सुना आपोआप येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

नवी मुंबईतच याच्या शेजारी एक उदाहरण उभं आहे. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारातले माथाडी. साताऱ्याकडच्या डोंगरी गावांतून आलेले, एका टोळीत बहुधा एकाच भागातले, गावची जत्रा आली की टोळी रिकामी. नातेसंबंधांवर चालणारं काम तिथेही आहेच. फरक पडला तो अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर आलेल्या १९६९ च्या कायद्याने. टोळी माथाडी मंडळाकडे नोंदली गेली, मजुरी मंडळामार्फत आली, प्रॉव्हिडंट फंड आला. गावाची ओळख तीच राहिली, पण तिच्या पाठीशी कागद आला. नाक्यावरच्या बंजारा टोळीला नेमका तोच मिळालेला नाही. म्हणून पहिले काही महिने कागदावर खर्च करा.

कागदाची सुरुवात शंभर पानी वहीने होते. एका पानावर सहा रकाने आखा: तारीख, कामाची जागा, ठेकेदाराचं नाव आणि मोबाईल, कामाचा प्रकार, ठरलेला रोज, हातात आलेला रोज. लिहिता न येणाऱ्या बाईने संध्याकाळी गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगायचं, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात नोंद पाठवायची. गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलली तरी चालेल, उतरवून घेणारी त्यांच्यातलीच असते. नाक्यावरून उचलणाऱ्या नव्या ठेकेदाराच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो आणि साइटवरच्या फलकाचा फोटो, एवढं तरी हवंच. मजुरी बुडते तेव्हा नव्वद टक्के अडचण 'कोणाकडे काम केलं?' याला उत्तर नसल्याची असते. 'पांढऱ्या गाडीवाला शेठ' या वर्णनावर कामगार खात्याच्या ठाण्यातल्या कार्यालयात तक्रार नोंदवता येत नाही.

हीच वही बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला उपयोगी पडते. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, ही मूळ अट आहे. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा मालक देतो, नाहीतर शहरात महापालिकेचा सक्षम अधिकारी. नाका कामगाराचे ९० दिवस पंधरा-वीस ठेकेदारांकडे विखुरलेले असतात आणि एकही जण सगळ्यांचा दाखला द्यायला तयार नसतो. वहीतल्या नोंदी आणि मोबाईल नंबर असतील तर कोणाकडे जास्त दिवस भरलेत ते दिसतं आणि कोणाच्या मागे लागायचं ते ठरतं. आधारला मोबाईल जोडलेला हवा आणि बँक पासबुकावरचं नाव आधारशी जुळलेलं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांचे अर्ज इथेच अडकतात: आधारवर माहेरचं, पासबुकावर सासरचं. अर्ज भरण्याआधी नाव दुरुस्त करा, नंतर नाही. नूतनीकरण दरवर्षी असतं आणि पुन्हा ९० दिवसांचा दाखला लागतो, म्हणून पहिल्या वर्षानंतर वही बंद करू नका.

हे फॉर्म भरून देणारे एजंट वस्तीत आधीच पोहोचलेले असतात. ते खोटे दाखले लावतात, आणि पडताळणीत नोंदणी रद्द झाली की खऱ्या कामगाराचाही विश्वास उडतो. मंडळाचे लाभ मामुली नाहीत. कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख मिळतात. दोन मुलांपर्यंत पहिली ते सातवीसाठी वर्षाला अडीच हजार आणि आठवी ते दहावीसाठी पाच हजार मिळतात, त्याला ७५ टक्के हजेरीची अट आहे. ही हजेरी होळीला महिनाभर गावी राहिल्याने जाते. तेव्हा सणाला जाऊ नका असं सांगू नका, कोणी ऐकणारही नाही. मुलं परत कधी आणायची, कोणासोबत पाठवायची, याची सोय तांड्यातच लावायला सांगा.

पुरुषांसाठी आणखी एक. पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत भरतकाम नाही, पण गवंडी आहे आणि शिंपी आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. त्यामुळे घरात चांगला गवंडी असेल तर त्याचं नाव द्यायचं की शिलाई शिकलेल्या बाईचं, हे आधी घरात बसून ठरवा. प्रशिक्षणाच्या दिवशी ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत हे आकर्षण असतं, पण नाक्याचा रोज ५०० पेक्षा जास्त असेल तर गवंडी प्रशिक्षणाला बसत नाही, हे गृहीत धरा. पावसाळ्यातली तुकडी मागा.

आता जातीचा दाखला. ओळख आणि पोट यांची गाठ सगळ्यात घट्ट इथे बसते, आणि घोळही इथेच जास्त.

महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती (अ) मध्ये येतो, आरक्षण ३ टक्के. कर्नाटकात तोच समाज लंबाणी नावाने अनुसूचित जातीत आहे, तेलंगणात अनुसूचित जमातीत. रक्ताचे नातेवाईक असूनही सीमा ओलांडली की कागद बदलतो. कर्नाटकातून आलेल्या कुटुंबाला वाटतं, 'आम्ही तिकडे एससी, म्हणजे इकडेही एससी.' तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणापासून २०१८ च्या बीरसिंग प्रकरणापर्यंत हेच धरलं आहे की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा राज्यापुरता आहे, स्थलांतराबरोबर तो प्रवास करत नाही. आणि महाराष्ट्राचा विमुक्त जातीचा दाखला मिळण्यासाठी कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ रोजी किंवा त्याआधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. पंचवीस वर्षांपूर्वी विजयपूरहून दिघ्याला आलेल्या माणसाकडे तो कुठून असणार? त्याची नवी मुंबईत जन्मलेली मुलंसुद्धा यात अडकतात.

अशा कुटुंबाने काय करावं? मुलांचे दाखले वडिलांच्या मूळ तालुक्यातून, कर्नाटकातूनच, काढून ठेवावेत. महाराष्ट्राच्या राखीव जागेला ते चालणार नाहीत, पण केंद्र सरकारच्या अखिल भारतीय भरतीला चालतात. आजोबा-आजी गावात हयात आहेत आणि तलाठ्याच्या ओळखीचे आहेत तोवर हे काम करून घ्या. दहावीच्या निकालानंतर पळापळ केली तर त्या वर्षी हाती काही लागत नाही.

सोलापूर, यवतमाळ, नांदेडकडच्या कुटुंबांचं सोपं आहे, पण आपोआप होणारं नाही. अर्ज मूळ जिल्ह्यातल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे केलेला बरा, कारण १९६१ च्या आधीचे पुरावे तिथेच आहेत: आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकातली जन्मनोंद, जुना सातबारा. वंशावळ एका कागदावर काढा, पणजोबापासून अर्जदारापर्यंत, आणि प्रत्येक नावापुढे त्याचा पुरावा लिहा. एका पिढीपुढे पुरावा नसेल तर ती जागा रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका. शाळेच्या नोंदवहीत राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे अशी आडनावं असतात आणि तीच आडनावं इतर जातींतही आहेत, म्हणून आडनाव हा पुरावा नव्हे. जातीच्या रकान्यात कुठे 'लमाण', कुठे 'लमाणी', कुठे 'बंजारा' सापडतं, ते चालतं. 'वंजारी' सापडलं तर थांबा. वंजारी हा वेगळा समाज, भटक्या जमाती (ड) मधला, २ टक्के आरक्षणाचा. शाळेच्या मास्तराने कानाला लागलं तसं लिहिलेली ही एक नोंद पडताळणी समितीसमोर सगळं प्रकरण अडवते. एका भावाच्या दाखल्यावर वंजारी आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर बंजारा अशी घरं आहेत. मूल शाळेत असतानाच, आधीच्या पिढीचा पुरावा जोडून, दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे टाकायचा. मुलाने शाळा सोडली की ही दुरुस्ती फार अवघड होते.

सीमेपलीकडे सोयरीक ही तांड्यांत नेहमीची गोष्ट. सोलापूरचा नवरा आणि विजयपूरची बायको असेल तर मुलांची जात वडिलांवरून, त्यामुळे मुलांना विमुक्त जातीचा दाखला मिळू शकतो. बायकोला मात्र तो मिळत नाही, तिची जात जन्माने ठरते आणि तिचे कागद माहेरचे. नवऱ्याच्या कागदांवर बायकोचा दाखला काढून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. अनुसूचित जमातीच्या आरक्षणाची मागणी समाजातून जोरात सुरू आहे. तो राजकीय निर्णय आहे, होईल तेव्हा होईल. 'आता एसटीच काढू' म्हणून आजचा अर्ज थांबवू नये.

रेशनचं थोडक्यात. कर्नाटकचं किंवा विदर्भातलं कार्ड असलं तरी एक देश एक रेशनकार्डावर नवी मुंबईच्या दुकानातून राष्ट्रीय अन्न सुरक्षेचं माणशी पाच किलो धान्य मिळतं. कार्ड फोडावं लागत नाही. गावातल्या आई-वडिलांनी त्यांचा वाटा तिकडे उचलायचा, इथल्यांनी इथे. राज्य सरकार तिकडे वरून जे देतं ते मात्र इथे मिळत नाही. अडचण येते अंगठ्याची. सिमेंटने बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ओळखत नाही. दहाही बोटं लावून बघायला सांगा, नाहीतर बुबुळ किंवा ओटीपी. दुकानदार 'तुमचं कार्ड इथलं नाही' म्हणाला तर वाद घालत बसू नका, शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार द्या.

एवढं मार्गी लागलं की भरतकाम. बायकांना गोळा करायचं ते अकरानंतर, नाका सुटल्यावर. सकाळी नऊची बैठक ठेवणारी संस्था नाक्याची वेळच ओळखत नाही.

पहिल्या दिवशी डिझाइन नको, चष्मे हवेत. चाळिशी ओलांडलेल्या ज्या बायांना सगळे टाके येतात त्यांनाच जवळचं दिसत नाही, आणि त्या लाजेने 'विसरले बाई' म्हणतात. जवळच्या वाचनाचे साधे चष्मे आणि खोलीत एक जादा एलईडी ट्यूब, या खर्चाने जेवढी गुणवत्ता सुधारते तेवढी प्रशिक्षणाने नाही. दुसरी अडचण हातांची. राबिट आणि सिमेंट वाहिलेल्या हातांना भेगा असतात, रेशमी आणि रेयॉनचा दोरा त्यांत अडकून पिंजतो. सुती सहा पदरी दोराच वापरा, लडीतून तीन पदर वेगळे करून.

टाक्यांची नावं तांड्यागणिक थोडी बदलतात. किलन, वेले, माकी, रेलो, नकरा ही त्यांतली काही. गटात सोलापूरकडच्या आणि कर्नाटकाकडच्या बाया एकत्र असतील तर एकीचं दुसरीला 'चूक' वाटतं. दोघींकडून वीतभर कापडावर नमुना करून घ्या, मागे करणारीचं नाव आणि तांडा लिहा, फाइल करा. हा नमुनासंग्रह पुढे गिऱ्हाइकाला दाखवायलाही कामी येतो.

कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करायची. मांजरपाट पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-पाच सेंटिमीटर आटतो. आधी भरतकाम करून मग कापड आटलं तर टाके फुगतात आणि उशीचा अभ्रा चौकोनी राहत नाही. लाल आणि निळा दोरा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून गरम इस्त्री फिरवा. डाग पडला तर ती लडी परत करा, मीठ लावून रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नका.

भिंग, म्हणजे छोटा आरसा, बसवण्याची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. आधी भिंगावरून दोन उभे आणि दोन आडवे धागे टाकून चौकट होते, तिच्यावर दुसरी तिरकी चौकट, मग या धाग्यांना पकडत सभोवार गुंफण. नवी मुलगी चौकट भिंगाच्या काठाला लागून टाकते, कारण भिंग जास्त दिसावं. पण गुंफताना प्रत्येक टाका चौकटीला बाहेर ओढतो, आणि शेवटी चौकट काठावरून घसरून भिंग निसटतं. चौकट मध्याकडे सरकवून, घट्ट टाकायची. गुंफण पूर्ण झाली की ती आपोआप काठाकडे येते. तपासणी सोपी आहे: नखाने भिंग ढकला, हललं तर उसवा. काचेच्या भिंगाची कड खरखरीत असेल तर धागा महिन्याभरात कापला जातो, म्हणून कड दगडावर घासून घ्या. प्लॅस्टिकची भिंगं हलकी आणि स्वस्त, पण गरम इस्त्रीने वाकडी होतात. वापरलीच तर इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये जाड कापड ठेवून, असं चिठ्ठीवर छापा. कवडीच्या भोकाची कड धारदार असते, तिथे दुहेरी, मेण लावलेला दोरा. घुंगरू पितळीच घ्या. लोखंडी घुंगरांचा गंज नवी मुंबईच्या पावसाळी दमट हवेत एका मोसमात कापडावर उतरतो. माल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, बुरशी धरते, जुन्या सुती साडीत गुंडाळा.

एक गोष्ट अजिबात करू नका. घरातल्या जुन्या काचळ्या (चोळ्या) आणि फेटिये (घागरे) कापून त्यांच्या पिशव्या. दिसायला सुंदर, विकायला सोपं, आणि आजीच्या लग्नातली काचळी पाचशे-सातशे रुपयांत गेलेली. तो नमुना मग पुन्हा कोणालाच दिसत नाही. जुने कपडे घेणारे व्यापारी वस्तीत फिरत असतातच, त्यांच्या आधी फोटो काढा, कागदावर नक्षी उतरवून घ्या, कपडा पेटीत राहू द्या.

किंमत. बहुतेक गट इथे बुडतात. एकच नग वेगवेगळ्या हातांच्या तीन बायांकडून करून घ्या, प्रत्येकीचा वेळ मोजा आणि मधला धरा. समजा पिशवीच्या पुढच्या भरगच्च पट्ट्याला पाच तास लागले. नाक्यावर बाईचा रोज ७०० रुपये, आठ तासांचा धरला तर तासाला साडेसत्त्याऐंशी, म्हणजे मजुरी ४३८. कापड, दोरा, भिंगं ६०. शिलाई ५०. झाले ५४८. नासधूस आणि दुरुस्तीचे दहा टक्के, ५५. वाहतूक आणि पॅकिंग ३०. एकूण ६३३. दुकान ४० टक्के कापत असेल तर छापील किंमत १,०५५ ठेवावी लागते. हजार रुपयांना ती पिशवी खपत नाही, मग संस्था काय करते? मजुरी १५० वर आणते आणि 'घरबसल्या काम आहे ना' म्हणते. बाई दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाते, आणि तिचं बरोबर असतं.

मजुरीचा दर हलवू नका, नग बदला. त्याच पिशवीवर पूर्ण पट्टा न भरता तळहाताएवढा तुकडा लावला, त्याला दीड तास लागला, तर मजुरी १३१. कापड, शिलाई, नासधूस, पॅकिंग सगळं धरून २९५ च्या आसपास, आणि दुकानातली किंमत पाचशेच्या आत. पाच तासांचे भरगच्च नग थोडेच करा, ते थेट विक्रीला ठेवा, कमिशनवाल्या दुकानात नको. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, तिथे हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. गाळ्याचं भाडं, माणसाचा रोज आणि जेवण विक्रीतून वजा करूनच प्रदर्शन परवडलं की नाही ते ठरवा. केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचं 'पहचान' ओळखपत्र काढून ठेवा, सरकारी मेळ्यांच्या अर्जाला ते लागतं. पडताळणीच्या वेळी अधिकाऱ्यासमोर बाईला स्वतः टाका घालून दाखवावा लागतो. तेव्हा शिकाऊ मुलीऐवजी जिचा हात बसलेला आहे तिचं नाव आधी द्या.

आणि मालावर 'संडूर लंबाणी' असं लिहू नका. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, ते बल्लारीकडच्या संडूरच्या कारागिरांचं. तुमच्या बाया त्याच समाजाच्या असल्या तरी माल तुर्भ्यात तयार झालेला आहे. 'बंजारा भरतकाम, नवी मुंबई' एवढं पुरे आणि खरं.

ऑर्डर घेताना अर्धीच हजेरी धरा. दहा बायांचा गट असेल तर पाच जणी रोज येतील असं समजून तारीख द्या. नाक्यावर काम मिळालं की बाई तिकडे जाणार, आणि तिला अडवू नये. जून ते सप्टेंबर बांधकाम मंदावतं, तेव्हा हात मोकळे असतात. दिवाळीचा माल त्याच दिवसांत करून ठेवा. दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. १५ फेब्रुवारीला समाजाचे संत सेवालाल महाराज यांची जयंती, तेव्हा भोग असतो, काहीजण वाशीमकडच्या पोहरादेवीला जातात. होळीला लेंगी गाण्यासाठी तांडा गाठायचाच असतो. या दिवसांत सुपूर्दगीची तारीख घेणं म्हणजे स्वतःहून भांडण ओढवून घेणं.

तीज श्रावणात येते, राखीच्या सुमारास टोपल्यांत गहू पेरायचे आणि गोकुळाष्टमीच्या आसपास विसर्जन. नऊ दिवस कुमारिका पाणी घालतात, गाणी म्हणतात. शहरात अडतं ते साध्या गोष्टींवर: एका खोलीत टोपल्या ठेवायला जागा नसते, माती मिळत नाही, ध्वनिक्षेपकाची परवानगी काढलेली नसते. वस्तीतलं समाजमंदिर नऊ दिवसांसाठी आधीच मागून ठेवा, परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी द्या, रात्री दहाला आवाज बंद. इथेच वाढलेल्या मुलींना गाणी या नऊ दिवसांतच शिकायला मिळतात, आणि टाकेही, कारण म्हाताऱ्या बाया तेव्हाच एका जागी बसलेल्या असतात. शिकवणीचा वेगळा वर्ग काढून त्याचं अनुदान मागण्यापेक्षा या दिवसांत दुपारी सुया आणि कापड तिथे नेऊन ठेवलेलं बरं.

शेवटचा मुद्दा प्रदर्शनातल्या गाळ्याचा. बायांना फेटिया-काचळी-टुकरी (ओढणी) घालून, केसांत घुगरी-टोपली लावून बसवायचं, म्हणजे लोक फोटो काढायला थांबतात, ही कल्पना प्रत्येक आयोजकाला सुचते. रोज साडीवर पुरुषाचा शर्ट चढवून घमेलं उचलणाऱ्या तरुण बाईकडे तो पोशाख बहुधा नसतोच, ती सासूचा मागून आणते. तो घालायचा की नाही हे तिनं ठरवावं. घालणार असेल तर तो दिवस कामाचा धरा: नाक्याइतका रोज, वरून पोशाखाचं भाडं जिचा आहे तिला, आणि फोटो काढू द्यायचा की नाही हे तिच्या हातात. हे परवडत नसेल तर तिला साध्या साडीत बसू द्या आणि गाळ्यावर माल नीट मांडा.